राब, दळी आणि एक विधेयक

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधेयकाचा प्रवास एका पानात संपतो. मंत्रिमंडळाची मंजुरी, सभागृहात मांडणी, तीन वाचनं, दुसऱ्या सभागृहाची संमती, राष्ट्रपतींची सही, राजपत्रात प्रसिद्धी. यात चुकीचं काही नाही, पण हे पान वाचून असा समज होतो की कायदा घडतो तो मतदानाच्या दिवशी आणि आधीचं-नंतरचं सगळं कारकुनी काम. रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा समज खोडून काढतो. १८७८, १९२७, १९८० आणि २००६ या चार साली देशाच्या राजधानीत जंगलाविषयी चार कायदे झाले आणि चारही या डोंगरांवर येऊन आदळले. त्यांपैकी तीन इथल्या माणसाला न विचारता झाले. चौथ्याच्या मजकुरात मात्र इथल्यासारख्या माणसांचं म्हणणं थोडंफार उतरलं. हा फरक राज्यकर्त्यांच्या चांगुलपणातून पडलेला नाही. चौथ्या विधेयकाला वाटेत थांबे मिळाले, तिथे कोणीतरी दबा धरून बसलं होतं आणि मजकूर बदलून घेतला गेला, म्हणून तो पडला. विधेयकाच्या वाटेवरचे हे संथ, कंटाळवाणे थांबे दुबळ्या माणसाच्या सर्वांत जास्त कामाचे असतात, असं इथे मांडायचं आहे.

आधी हे पाहायला हवं की कायद्याने नेमकं काय हिरावलं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात भाताचं रोप तयार करण्याआधी जमीन भाजावी लागते. त्याला राब म्हणतात. वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर आईन-किंजळीसारख्या झाडांचा टहाळ, मग गवत-पालापाचोळा आणि वर उडून जाऊ नये म्हणून बारीक माती. उन्हाळ्यात वाऱ्याचा अंदाज घेऊन हे पेटवायचं आणि पहिल्या पावसानंतर तिथे भाताचा दाणा टाकायचा. तण मरतं, राख खत होते, रोप जोमाने येतं. पण त्यासाठी दरवर्षी टहाळ लागतो आणि टहाळ जंगलातून येतो. डोंगरउतारावर याहून साधी शेती होती, ती दळीची. झुडपं तोडून जाळायची, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जमीन थकली की तिला विसावा देऊन पुढे सरकायचं. कातकऱ्यांचा तर धंदाच खैराच्या झाडावर उभा होता: खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून काढलेला कात हेच त्यांच्या जमातीच्या नावाचं मूळ मानलं जातं. टहाळ, उतार आणि खैर या तीन गोष्टींवर इथलं वर्ष चालत असे. त्यांचा कुठे कागद नव्हता, कारण तोवर कोणी कागद मागितला नव्हता.

१८७८ चा भारतीय वन कायदा ज्या सभागृहात झाला, ते १८६१ च्या कायद्याने घडवलेलं गव्हर्नर जनरलचं विधिमंडळ होतं. त्यात निवडून आलेला एकही सभासद नव्हता. कायदे करण्यासाठी घेतलेले सहा ते बारा जादा सभासद गव्हर्नर जनरल स्वतः नेमत असे. तरीही हे विधेयक निमूटपणे पुढे सरकलं असं म्हणणं बरोबर नाही. वनखात्यातच दोन तट होते. बेडन-पॉवेलसारख्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं की सरकारी दप्तरात ज्याची नोंद नाही तो वहिवाटीचा हक्क नव्हेच, ती सरकारने चालू दिलेली मुभा. वनखात्याचा पहिला प्रमुख डीट्रिच ब्रँडिस गावांकडे काही जंगल राहू द्यावं या मताचा होता. मद्रास सरकारने हरकत घेतली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोधाचा अर्ज धाडला. म्हणजे हरकती होत्या आणि लेखी होत्या. पण त्यांना उत्तर देणं बंधनकारक असेल, अशी पायरी त्या सभागृहाच्या रचनेतच नव्हती. कायदा बेडन-पॉवेलच्या बाजूला झुकला. जंगल राखीव करण्याची पद्धत अशी ठरली की जाहीरनामा काढायचा, हक्क सांगणाऱ्याला किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची, आणि मुदतीत जो हक्क सांगितला गेला नाही तो संपला असं धरायचं. ज्याला वाचता येत नाही, ज्याची वाडी कचेरीपासून दिवसभराच्या चालीवर आहे आणि जो पावसाळ्यात एका डोंगरावर तर उन्हाळ्यात दुसऱ्यावर असतो, त्याचा हक्क बुडायला तीन महिने पुरे होते.

जी हरकत विधिमंडळात ऐकली गेली नाही ती नंतर गावोगाव फुटली. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतून जंगलखात्याविरुद्ध इतक्या तक्रारी झाल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तो कुलाब्यात आला १८९१ मध्ये. टहाळ कोणी, कुठून, किती तोडावा आणि राबाशिवाय भात होतो की नाही, हा आयोगासमोरचा कळीचा प्रश्न होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्येही जंगलखात्याने कुरणं गिळल्याची तक्रार आहे, म्हणजे बोंब एका जिल्ह्याची नव्हती. १८८७ च्या अहवालानंतर काही मोकळीक मिळाली, पण ती सवलत म्हणून. सवलत आणि हक्क यांतलं अंतर इथल्या माणसाला पुढची सव्वाशे वर्षं मोजावं लागलं. हक्क काढून घ्यायचा तर कारण द्यावं लागतं, कधी भरपाईही द्यावी लागते. सवलत साहेब बदलला की बंद होते. कायदा होण्याआधी जे ऐकलं जात नाही ते कायदा झाल्यावर ऐकलं, तर हाती एवढंच पडतं.

इथे एक रास्त शंका निघते. दोष निवडणूक नसण्याचा होता, मग निवडून आलेलं सभागृह आल्यावर चित्र पालटायला हवं होतं. १९२७ चा भारतीय वन कायदा ज्या केंद्रीय विधिमंडळात मंजूर झाला तिथे बहुसंख्य सभासद निवडलेले होते, तरीही १८७८ चा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा राहिला. त्या कायद्याचं दहावं कलम फिरत्या शेतीबद्दल सरळ सांगतं की ती सर्व बाबतींत केवळ सवलत मानली जाईल आणि सरकार तिच्यावर नियंत्रण आणू शकेल, ती मर्यादित करू शकेल किंवा बंदही करू शकेल. दळीचा निकाल असा एका पोटकलमात लागला. कारण उघड आहे: मत देण्याचा अधिकार मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता आणि ज्याची जमीनच सवलतीची, तो मतदार कुठून होणार? निवडणूक असून भागत नाही, तिच्या यादीत नाव लागतं. रायगड जिल्ह्यात ज्यांना आजही दळी जमिनी म्हणतात, त्या वनखात्याने आदिवासींच्या गटांना कसायला दिलेल्या डोंगरउताराच्या जमिनी. ठाणे-कुलाब्यात दुसरीकडे दर वर्षी नव्याने द्यायचे एकसाली प्लॉट होते. दोन्हींत माणूस पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसत राहिला आणि दोन्हींत ती त्याची झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळालं, पण जंगलाबाबत महत्त्वाचं पाऊल पडलं ते अध्यादेशाच्या वाटेने. २५ ऑक्टोबर १९८० रोजी वनसंवर्धनाचा अध्यादेश लागू झाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलजमीन दुसऱ्या कामाला देता येणार नाही, हा त्याचा गाभा आणि खाणी-धरणांच्या संदर्भात तो हवाच होता. पण त्याच तरतुदीने राज्य सरकारचेही हात बांधले. महाराष्ट्राने १९७८-७९ मध्ये जुनी अतिक्रमणं नियमित करण्याचे निर्णय घेतले होते. त्यांची अंमलबजावणी रखडली. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या आदेशाने जंगलाची व्याख्या रुंदावली आणि ३ मे २००२ रोजी केंद्रीय वनमंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरपर्यंत अतिक्रमणं काढायला सांगितलं. या पत्रावर संसदेत मतदान झालं नव्हतं, तरी वाडीवरच्या माणसासाठी त्याचं वजन कायद्याएवढं होतं. त्याच काळात महाराष्ट्रात उलट दिशेने एक धागा विणला जात होता. डहाणूच्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये जमिनीच्या दाव्यांची नीट चौकशी करायला सांगितलं आणि कागद नसला तरी इतर पुरावा बघण्याचा मार्ग मोकळा केला; २००२ मध्ये राज्य सरकारने गावपातळीवर पडताळणी करण्याचा निर्णय काढला. पुढे दिल्लीत जे विधेयक आलं, त्यातल्या कामाच्या पद्धतीचा एक नमुना ठाणे-रायगडच्या पट्ट्यात असा आधीच घासून पाहिला गेला होता.

ते विधेयक लोकसभेत मांडलं गेलं १३ डिसेंबर २००५ रोजी. नाव होतं अनुसूचित जमाती (वनहक्कांची मान्यता) विधेयक. पहिल्या मसुद्यातल्या दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, जमिनीवरचा कब्जा २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचा हवा, म्हणजे अध्यादेशाची तारीख हीच माणसाच्या हक्काची सीमा. दोन, कुटुंबाला अडीच हेक्टरांपर्यंतच हक्क. तारखेची ही एक ओळ तशीच राहिली असती, तर १९८० नंतर पंचवीस वर्षांत ज्यांनी प्लॉट धरला ते सगळे एका फटक्यात बाहेर पडले असते, आणि आधी धरणाऱ्यांनाही पाव शतकापूर्वीचा पुरावा शोधत बसावं लागलं असतं. विधेयक व्ही. किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीसमोर वनहक्काच्या चळवळी आल्या आणि वाघ-जंगलांची काळजी वाहणारेही आले. मे २००६ मध्ये आलेल्या अहवालाने मसुदा उलटापालटा केला: तारीख विधेयक मांडल्याच्या दिवसावर आणा, आदिवासी नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांनाही घ्या, जमिनीची मर्यादा काढा, ग्रामसभेला बळ द्या. सरकारने सगळं मानलं नाही. मर्यादा ठेवली, पण चार हेक्टरांवर नेली. तारीख मात्र १३ डिसेंबर २००५ झाली आणि नावात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आले. १५ डिसेंबर २००६ ला लोकसभेने, १८ ला राज्यसभेने मंजुरी दिली, २९ ला राष्ट्रपतींची सही झाली. उद्देशिकेत ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. पण दाव्याच्या फायलीत कबुलीपेक्षा तारीख जास्त कामाची, आणि ती बदलली मतदानाच्या सहा-सात महिने आधी, समितीच्या खोलीत.

राष्ट्रपतींच्या सहीनेही विधेयकाची वाट संपत नाही. हा कायदा अमलात आला तो सहीनंतर वर्षभराने, ३१ डिसेंबर २००७ ला, आणि नियम आले १ जानेवारी २००८ ला. मजकुरात शेवटच्या टप्प्यावर शिरलेला ‘मुख्यतः जंगलात राहणारा’ हा शब्दप्रयोग कर्जत-खालापूरसाठी घातक ठरू शकत होता. इथल्या अनेक वाड्या जंगलाच्या कडेला, कुणाच्या तरी मालकी जमिनीवर किंवा गावठाणाबाहेर वसलेल्या. झोपडी एकीकडे आणि प्लॉट डोंगरावर. शब्दशः अर्थ लावला असता तर ‘राहता कुठे?’ एवढ्या प्रश्नावर दावा फेटाळता आला असता. जून २००८ मध्ये आदिवासी मंत्रालयाने खुलासा केला की उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असणारेही त्यात येतात. दुसरी अडचण ‘गाव’ या व्याख्येची. अनुसूचित क्षेत्रात वाडी-पाडा हेच गाव धरता येतं. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे इथे पंचायत कायद्यातलं गाव लागू झालं आणि वाडीतल्या माणसाचा दावा ज्या ग्रामसभेपुढे गेला तिथे तो बहुतेक वेळा अल्पमतात. २००८ च्या नियमांत दोन तृतीयांश गणसंख्येची अटही होती, जी मोठ्या ग्रामपंचायतीत भरणं दुरापास्त. २०१२ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आणली, त्यात एक तृतीयांश महिला असाव्यात असं ठरवलं आणि ठराव करताना निम्मे दावेदार हजर हवेत असंही घातलं. उपग्रहाचा नकाशा हा एकमेव पुरावा मानू नये हेही तेव्हाच आलं. दावा मागवण्याची मुदत १८७८ सारखीच तीन महिन्यांची आहे, पण ती वाढवण्याचा अधिकार आता ग्रामसभेला आहे आणि दावा निकाली निघेपर्यंत कुणाला उठवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं कागदी आहे. ग्रामसभेची वनहक्क समिती दावा पडताळते, ग्रामसभा ठराव करते, मग तो कर्जतच्या प्रांत कार्यालयातल्या उपविभागीय समितीकडे जातो, तिथून अलिबागच्या जिल्हा समितीकडे. मध्ये त्रुटी निघतात, मोजणी अडते, पट्टा मिळाला तरी कसणाऱ्या क्षेत्रापेक्षा कमी निघतो. कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर हेक्टरभरापर्यंतची जंगलजमीन देण्याची सोय आहे; तरीही १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदत पथकांना डोंगर पायी चढून जावं लागलं. आक्षेपातली वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून कायद्याचा मजकूर निरर्थक होता असा निष्कर्ष निघत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांतल्या लोकांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. ती मागताना दावे फेटाळण्याच्या पद्धतीवर बोट ठेवता आलं, कारण ती पद्धत कायद्याने घालून दिली होती. १८८५ च्या आयोगापुढे असं काहीच हातात नव्हतं. तिथे फक्त विनवणी करता येत होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून फार्महाऊसच्या बाजारात या तालुक्यांतल्या जमिनीचे भाव चढत गेले. अशा ठिकाणी पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असावा, तो वारसाने जावा पण विकता येऊ नये, ही चौथ्या कलमातली ओळ एखाद्या वाडीची जमीन टिकवू शकते. विकता न येणारी जमीन म्हणजे अर्धीच मालकी, अशी तक्रार होते. तिच्यात तथ्य आहे, पण ज्याला वीटभट्टीची उचल फेडायची असते त्याची पूर्ण मालकी किती दिवस टिकते, हेही विचारलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जंगलाच्या बाजूने येतो: इतक्या थांब्यांनी आणि सवलतींनी जंगलं कापली गेली, कडक कायदा झटपट व्हायला हवा. समितीपुढे हे म्हणणं मांडलं गेलं आणि त्याचं फळही मिळालं; चार हेक्टरांची मर्यादा, इतर वननिवासींसाठी तीन पिढ्यांची म्हणजे पंचाहत्तर वर्षांची अट, अतिसंरक्षित वन्यजीव अधिवासांसाठी वेगळी तरतूद, ही सगळी त्या ओढाताणीची खूण आहे. थांबा असला की तो एकाच बाजूच्या कामाचा राहत नाही. शिवाय झटपट कायदा जंगलाच्याच बाजूने होईल याची हमी कोण देणार? तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे: थांबा असूनही काही बदलत नाही. मार्च २०२३ मध्ये मांडलेलं वनसंवर्धन दुरुस्ती विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, हरकती आल्या, आणि समितीने त्यात एकही बदल न सुचवता जुलैत ते परत पाठवलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालेलं होतं. यावरून समितीचा टप्पा निरुपयोगी ठरतो का? उलट, समिती कधी कामाची होते हे दिसतं. २००६ मध्ये आघाडीचं सरकार होतं, डाव्या पक्षांचा पाठिंबा लागत होता, चळवळी चार वर्षं तयारीत होत्या आणि समितीतले सभासद पक्षाच्या आदेशापलीकडे जायला राजी होते. पायरी असणं पुरेसं नाही. तिच्यावर माणूस उभा असावा लागतो. पण पायरीच नसेल तर माणसाला उभं राहायला जागा नाही, हे १८७८ ने दाखवलं, आणि पायरी असून तो यादीत नसेल तर काय होतं हे १९२७ ने.

म्हणून कायद्याचा इतिहास लिहिताना मतदानाचे आकडे आणि गाजलेली भाषणं यांपेक्षा मसुदा, समितीचा अहवाल आणि नियम ही तीन कागदपत्रं शेजारी ठेवून वाचावीत. कोणती तारीख कुठे बदलली, कोणता शब्द शेवटच्या आठवड्यात शिरला, कोणती गणसंख्या चार वर्षांनी खाली आली, हे त्यांतून कळतं. आणि नाचणीच्या उताराचं काय होणार ते तिथेच ठरतं. २०१४ पासून केंद्र सरकारचं असं धोरण आहे की विधेयकाचा मसुदा मांडण्याआधी किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. तो संकेतस्थळावर ठेवला जातो, बहुधा इंग्रजीत. कर्जत विधानसभा मतदारसंघ २००९ पासून मावळ लोकसभा मतदारसंघात आहे; तिथल्या खासदाराचे बहुसंख्य मतदार घाटावर पिंपरी-चिंचवडच्या बाजूला राहतात. अशा वेळी घाटाखालच्या वाडीचा आवाज मतांच्या बेरजेतून दिल्लीला पोहोचेल ही आशा तोकडी आहे. तो पोहोचू शकतो हरकतीच्या कागदातून, समितीपुढच्या साक्षीतून, नियमांच्या दुरुस्तीतून. त्यामुळे तीस दिवसांचा मसुदा मराठीत तालुक्याच्या ठिकाणी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा ही मागणी क्षुल्लक वाटली तरी तशी नाही. वन कायद्याच्या जाहीरनाम्यालासुद्धा गावोगाव, तिथल्या भाषेत प्रसिद्धी देण्याचं बंधन होतं. फक्त तो लागायचा तेव्हा कायदा आधीच होऊन गेलेला असे. तोच कागद कायदा होण्याआधी लागला पाहिजे, एवढाच या मागणीचा अर्थ आहे.